गोळी का राहून जाते?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला बाहेरच्या कोणी विदुषी येतात आणि आपण त्यांचे विचार ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी घरचेच माणूस व्यासपीठावर चढवले आहे. मी काही व्याख्याती नव्हे. एका मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षे परिचारिकेचे काम केले, त्यातली बरीचशी बायकांच्या वॉर्डात गेली, आणि आता निवृत्त होऊन मुलुंडला तुमच्या शेजारात राहते, एवढीच माझी ओळख. तेव्हा बोलण्यात काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

विषय मात्र मीच मागून घेतला. आपल्यापैकी पुष्कळजणी आता साठीच्या पुढच्या आहेत. कोणाचे हृदय अशक्त झाले आहे, कोणाच्या यजमानांचे पंपिंग कमी झाले आहे, असे हल्ली भाजीच्या पिशव्या हातात घेऊन उभ्या-उभ्या बोलतानाही कानावर येते. डॉक्टर औषधे लिहून देतात, आपण ती पदरमोड करून आणतो. पण घरात आलेली गोळी पोटात जातेच असे नाही. ती का जात नाही, एवढ्यावरच मी आज बोलणार आहे. हा प्रश्न मी नोकरीत असताना नीट विचारला नाही, आणि त्याची बोचणी अजून मनात आहे.

आधी दुखणे काय ते थोडक्यात सांगते. 'हार्ट फेल' म्हटले की हृदय बंदच पडले असे आपल्याला वाटते. तसे नाही. आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा जोर कमी झाला तर काय होते? वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. हृदयाचा जोर कमी झाला म्हणजे तसेच होते. अंगाला रक्त पुरत नाही म्हणून थकवा येतो, आणि पाणी साचू लागते. ते पायांत साचले की सूज येते, फुप्फुसात साचले की आडवे झाल्याबरोबर दम लागतो. पंपिंगच्या आकड्याचीही एक गंमत सांगते. रिपोर्टात ३० टक्के लिहिलेले पाहून माणूस घाबरतो, कारण आपल्या डोक्यात परीक्षेचे शंभर गुण असतात. परंतु धडधाकट माणसाच्या हृदयाचा हा आकडासुद्धा साधारण ५५ ते ७० असतो. तीस म्हणजे दुखणे मोठे खरे, पण शंभरातले सत्तर गेले असा त्याचा अर्थ नव्हे.

या दुखण्यावर आज चांगली औषधे आहेत. पंपिंग कमी झालेल्या बहुतेक रुग्णांना मुख्यतः चार तऱ्हेच्या गोळ्या देतात. एक हृदयाचे ठोके धीमे करते, दुसरी रक्तवाहिन्या सैल करते, तिसरी स्पायरोनोलॅक्टोनसारखी, आणि चौथी मुळात मधुमेहासाठी निघालेली डॅपाग्लिफ्लोझिनसारखी. शिवाय साचलेले पाणी काढायला लघवीची गोळी असते ती वेगळी. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नुसत्या स्पायरोनोलॅक्टोनची भर घातल्याने मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी झाले होते. म्हणजे ही औषधे केवळ आराम देत नाहीत, आयुष्य देतात.

वैद्यकविद्या किती पुढे गेली हे मुंबईकरांना सांगायला नको. १९६८ साली परळच्या के. ई. एम. मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासच जगला, पण भारतातली ती पहिली शस्त्रक्रिया. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून आणलेले हृदय आपल्या मुलुंडमध्ये एका रुग्णाला बसवले गेले. परंतु भगिनींनो, नवे हृदय बसवले तरी पुढे जन्मभर गोळ्या घ्याव्याच लागतात. सगळी विद्या शेवटी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेल्या गोळ्यांच्या डब्यापाशी येऊन थांबते.

आणि तिथेच घोडे अडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली या विषयावर एक अहवाल काढला. दीर्घ दुखण्याचे रुग्ण श्रीमंत देशांतसुद्धा सरासरी निम्मेच सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, आणि गरीब देशांत त्याहूनही कमी, असे त्यात म्हटले आहे. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. औषध न घेण्याच्या कारणांचे त्यांनी पाच गट केले: घरची व पैशाची स्थिती, दवाखान्याची व्यवस्था, दुखण्याचे स्वरूप, औषधाचे स्वरूप आणि रुग्ण स्वतः. पाचांत रुग्णाचा वाटा एक. आपण मात्र पाचही गटांचे खापर त्या एकट्याच्या डोक्यावर फोडून मोकळे होतो. मीही तेच केले.

आमच्या वॉर्डात एक बाई येत असे. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, वय पन्नाशीच्या आसपास. पाय सुजलेले, धाप लागलेली. आम्ही शिरेतून औषध देऊन पाणी काढायचो, चार दिवसांत ती हसूबोलू लागायची, गोळ्यांची पुडी घेऊन घरी जायची. दोन महिन्यांनी पुन्हा दारात. दुसऱ्या खेपेला मी तिला सगळ्या वॉर्डादेखत बोलले, "गोळ्या फुकट मिळतात तरी घेत नाही! तुम्हालाच बरं व्हायचं नसेल तर आम्ही काय करायचं?" तिने पदर सावरला आणि म्हणाली, "चुकलं, सिस्टर." एवढेच. तिसऱ्या खेपेला ती आली ती बोलण्याच्या स्थितीत नव्हती. दोन रात्रींनी गेली.

कागदपत्रे न्यायला तिची मुलगी आली. जाताना म्हणाली, "सिस्टर, आई गोळी टाळायची ती संडासापायी. आमचा संडास खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. रात्री दिवा नसतो. आणि कामावरच्या बायका त्यांचा संडास वापरू देत नाहीत. गोळी घेतली की तासातासाला जावं लागतं. ती जायची कुठं?" मी ऐकले, हळहळले, आणि दुसऱ्या खाटेकडे वळले. वॉर्डात तसेच असते. पण खरे सांगते, त्या दिवशी मला ते तिचे दुर्दैव वाटले, माझी चूक वाटली नाही.

चूक कळली ती माझ्याच घरात. २०१९ च्या पावसाळ्यात आमच्या यजमानांना हेच दुखणे झाले. नऊ गोळ्या लिहून मिळाल्या. मी म्हटले, घरात परिचारिका असताना काळजी कसली! रोज सकाळी गोळ्या वाटीत काढून देत असे. "अहो, घेतलीत का?" "घेतली गं." संपले. आणि दिवाळीच्या तोंडावर एका रात्री ते उशाला तीन उश्या घेऊनही झोपू शकेनात. पहाटे रिक्षात घालून दवाखान्यात नेले. घरी परतल्यावर कपडे शोधताना त्यांचे चष्म्याचे घर उघडले, तर आत अकरा पांढऱ्या गोळ्या. सगळ्या लघवीच्या.

माझा संताप अनावर झाला. नको ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "तू वॉर्डातली सिस्टर होऊन विचारतेस, म्हणून मी वॉर्डातल्या पेशंटासारखं 'हो' म्हणतो."

पुढच्या तपासणीला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी 'गोळ्या घेता ना?' असे विचारलेच नाही. त्या म्हणाल्या, "काका, एवढ्या गोळ्या म्हणजे एखादी राहतेच. गेल्या आठवड्यात कुठली कितीदा राहिली?" आणि आमचे हे लगेच म्हणाले, "लघवीची. तीनदा." का, तर आठवड्यातून दोन-तीनदा ते जुन्या सोबत्यांना भेटायला दादरला जातात. मुलुंड ते दादर धीम्या गाडीने पाऊण तास, आणि आपल्या लोकलला संडास नाही. एकदा घाटकोपरला घाईघाईने उतरावे लागले होते, आणि तेवढ्यात फजिती झाली होती. घरी ते कसे सांगायचे? म्हणून जायच्या दिवशी गोळी चष्म्याच्या घरात. बाईंनी तिथल्या तिथे कागदावर लिहून दिले: दादरला जायच्या दिवशी ही गोळी परत आल्यावर दुपारी घ्यावी, सकाळी घेऊ नये. पाच मिनिटांत प्रश्न सुटला. त्यानंतर आजपर्यंत त्यांना त्या कारणासाठी पुन्हा दाखल करावे लागलेले नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. गोळी तीच, कारणही तेच. एकाला पाच मिनिटांचे ऐकणारे माणूस भेटले, आणि एकीला मी भेटले होते.

तेव्हापासून मी शेजारीपाजारी, नात्यात, गोळी राहिली असे कळले की आधी कारण विचारते. काय काय कारणे निघतात ती ऐका.

सर्वांत मोठे कारण म्हणजे बरे वाटणे. सूज उतरली, जिना चढता आला, की माणसाला वाटते, आता कशाला? ताप उतरला की गोळी बंद करायची, हीच आपली सवय. पण इथे बरे वाटते ते गोळीमुळेच. लंडनच्या डॉक्टरांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे अशक्त हृदय औषधांनी पूर्ववत झाले होते अशा ५१ जणांपैकी २५ जणांची औषधे त्यांनी देखरेखीखाली हळूहळू थांबवली. सहा महिन्यांत त्यांतल्या ११ जणांचे दुखणे उलटले. ज्यांची औषधे चालू ठेवली होती, त्यांच्यात त्या मुदतीत एकाचेही उलटले नाही. डॉक्टर डोळ्यांत तेल घालून बसले असताना ही गत, मग आपण परस्पर बंद केल्यावर काय होईल?

दुसरे कारण गोळीच्या नावाचे. औषधाच्या दुकानात कोणीतरी सहज म्हणते, "ही तर शुगरची गोळी." लगेच घरी चर्चा, मला तर मधुमेह नाही, डॉक्टर चुकले असतील. किंवा, माझे बीपी चांगले आहे, मग बीपीची गोळी कशाला? मैत्रिणींनो, एकाच सुंठीचा काढाही होतो आणि लाडूही होतो. २०१९ साली वीस देशांत, आपल्या देशातही, ४७४४ रुग्णांवर डॅपाग्लिफ्लोझिनची परीक्षा झाली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना मधुमेह नव्हता, आणि गुण दोघांनाही आला. डॉक्टरांनी एक वाक्य अधिक बोलले असते तर हा गोंधळ झाला नसता. ते बोलले नाहीत, तर आपण विचारावे.

तिसरे कारण औषधाचा त्रास. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ एनालाप्रिलने, काहींना कोरडा खोकला येतो. आपण तो धुळीचा समजून जेष्ठमध चघळत बसतो. आता जेष्ठमध फार खाल्ले तर अंगात मीठ-पाणी धरून राहते आणि पोटॅशियम उतरते. म्हणजे खोकल्याचा उपाय दुखण्याच्या मुळावर. खोकला न आणणारी दुसरी गोळी मिळते, पण त्यासाठी डॉक्टरांना खोकला सांगितला पाहिजे. ठोके धीमे करणाऱ्या गोळीने सुरुवातीचे काही आठवडे गळून गेल्यासारखे वाटते, पुढे ते बहुधा ओसरते. ती एकाएकी बंद करणे मात्र धोक्याचे असते. आणि स्पायरोनोलॅक्टोनने काही पुरुषांची छाती दुखरी किंवा फुगीर होते. मघाशी सांगितलेल्या १९९९ च्या अभ्यासात दहा पुरुषांत एकाला असा त्रास झाला होता. कोणता पुरुष हे तोंडाने सांगेल? तो गुपचूप गोळी सोडतो. यालाही पर्यायी औषध आहे. घरच्या बाईने ओळखून विषय काढला तर त्याची लाज वाचते आणि जीवही.

चौथे कारण म्हणजे घोटाळा. इस्पितळातल्या कागदावर एक नाव, बाहेरच्या दुकानात त्याच औषधाचे दुसरे नाव, पाकिटाचा रंग निराळा, आणि सगळे इंग्रजीत. एक आजी एकच औषध दोन नावांनी दुप्पट घेत होत्या आणि चक्कर येते म्हणून तिसरेच बंद करून बसल्या होत्या. यात आजींचा काय दोष?

पाचवे कारण पैशाचे. महिनाअखेरीस गोळ्या एक दिवसाआड घेणारी घरे मला माहीत आहेत. अशांना मी जनऔषधी केंद्रात जायला सांगते. या योजनेतले पहिले दुकान नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसरला निघाले, आता आपल्या उपनगरांतही अशी दुकाने आहेत. तिथली औषधे नावाजलेल्या कंपन्यांच्या औषधांपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त असतात, असे सरकार सांगते. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून द्या, असे डॉक्टरांना म्हणायला संकोच करू नये.

आणि सहावे कारण आपले, बायकांचे. यजमानांच्या गोळ्या आपण वेळेवर देतो, सासूबाईंच्या देतो. आपली गोळी 'हे आवरलं की घेते' म्हणून ओट्यावर राहते. हरतालिकेला पाणीसुद्धा नको, मग गोळी कशी? उपवास करू नका असे मी म्हणत नाही. पण काही गोळ्या निर्जळी उपवासात उलट त्रास देऊ शकतात, तेव्हा आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारावे आणि ते सांगतील तसे करावे. गौरीलाही आजारी सुनेचे निर्जळ व्रत हवे असेल, असे मला नाही वाटत.

आता उपाय. मी नवे काहीच सांगत नाही. सात दिवसांच्या सात खणांचा डबा घ्यावा आणि रविवारी भरावा. एका पुठ्ठ्यावर मराठीत प्रत्येक गोळीचे नाव, वेळ आणि 'ही कशासाठी' हे लिहून फळीच्या आत चिकटवावे. रोज सकाळी वजन करून कॅलेंडरवर टिपावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पाणी साचते आहे असे समजून डॉक्टरांना कळवावे. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर दुखण्याच्या गोळ्या आणू नयेत, त्यांतल्या बऱ्याचशा अंगात पाणी धरून ठेवतात. 'कमी सोडियमचे' मीठ आणण्याआधीही विचारावे, कारण त्यात पोटॅशियम असते आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याला ते बाधू शकते. आपल्या मंडळाचे पापड आणि लोणची उत्तम असतात, पण अशा रुग्णाच्या पानात ती वाढू नयेत. विक्रीप्रमुख वहिनींनी मला क्षमा करावी!

परंतु या सगळ्याहून मोठा उपाय म्हणजे प्रश्न बदलणे. 'घेतली ना?' या प्रश्नाला 'हो' हे एकच उत्तर असते. 'कुठली राहिली? काय अडचण आली?' असे विचारले की खरे उत्तर येते. आणि ते आल्यावर रागवायचे नाही. रागावलो की पुढच्या वेळी गोळी पुन्हा चष्म्याच्या घरात जाते.

शेवटी मंडळापुढे दोन मागण्या ठेवते. पहिली अशी, की महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारी मी मंडळाच्या खोलीत बसेन. ज्यांना हवे त्यांनी घरातल्या सगळ्या गोळ्या व कागद पिशवीत घालून आणावेत. मी डॉक्टर नाही. औषध बदलणार नाही, बंद करणार नाही. मराठीत पुठ्ठा लिहून देईन, आणि डॉक्टरांना काय विचारायचे ते टिपून देईन.

दुसरी मागणी थोडी अवघड आहे. आपल्या घरी धुण्याभांड्याला, स्वयंपाकाला बायका येतात. त्यांना आपल्या घरातला संडास वापरू द्यावा. त्यांना विचारायला लावू नका, आपण होऊन सांगा. माझ्या वॉर्डात आलेल्या त्या बाईची चार घरे होती. त्यांपैकी एका घरानेही एवढे केले असते, तर तिची सकाळची गोळी कदाचित पोटात गेली असती. आणि मी तिला एकदा शांतपणे विचारले असते, तर तेही मला वेळेवर कळले असते.

तिला 'चुकलं' म्हणायची संधी मला मिळाली नाही. ते आज तुमच्यासमोर म्हणते आणि आपली रजा घेते.